बोटांचा वास

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अर्धी जळलेली बिडी! किशनरावांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची असून बसले नाहीत. त्यांच्या जिनिंगच्या कुंपणाला लागून कापसाचा ढीग आहे, त्याला आज पहाटे धग लागली. वॉचमन जागा होता म्हणून दोन बादल्या पाण्यावर निभावलं. जाताना एवढंच म्हणाले, "खिल्लारे, फौजी माणूस म्हणून गोडाऊन दिलं तुमाला. पुन्हा बिडी दिसली की पोरं घेऊन निघायचं."

बरोबर आहे त्यांचं. चारठाण्याच्या रस्त्यावर एवढी जागा दुसरं कोण देणार? माझ्या अकादमीतली एकेचाळीस पोरं त्यांच्या जुन्या गोडाऊनमध्ये झोपतात, त्यांच्याच मैदानावर पळतात, त्यांच्याच बोअरचं पाणी पितात. फेब्रुवारीत फौजेची भरती आहे. आता हाकललं तर ही फौज मी नेऊ कुठं?

संध्याकाळी फॉलिन घेतलं, सगळ्यांना रांगेत उभं केलं. विचारलं, बिडी कोणाची? एकेचाळीस मुके. देशासाठी छातीवर गोळी झेलणार म्हणे, आणि एक बिडी कबूल करायची छाती नाही!

हुकूम दिला. आजपासून धूर बंद. बिडी नाही, सिगारेट नाही, भेटायला आलेल्या पाहुण्यालाही नाही. रोज पहाटे सगळे हात पुढे करतील आणि मी बोटं हुंगणार.

४ नोव्हेंबर

एकेचाळीस जणांचे हात हुंगले. साबण, कांदा, खोबरेल, एकाला तर म्हशीचा वास. आठ जण सापडले. पहिला महारुद्र. गंगाखेडच्या पुढच्या वाडीचा पोरगा, पळायला घोडा, तोंडाला लगाम नाही. बोटं हळद कांडल्यासारखी पिवळी. लिंबू चोळून आला होता बहाद्दर.

म्हणाला, "उस्ताद, ह्यो लिंबाचाच वास हाय."

म्हटलं, असू दे, लिंबाच्याच बेडूकउड्या मार. आठही जणांना कुंपणापासून नळापर्यंत तीनदा नेलं. बाकीच्यांनी बघितलं, ते महत्त्वाचं.

ही युक्ती माझी नाही. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला आमचे उस्ताद असंच करायचे. रोज कोणीतरी सापडायचं. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये मी एकदाही सापडलो नाही, तेही पोरांना सांगितलं.

७ नोव्हेंबर

संडासामागे बाभळीच्या चिरलेल्या काड्या पडलेल्या. दहाबारा. आधी काही उलगडेना. मग महारुद्रालाच कान धरून विचारलं. काडी मधोमध चिरायची, फटीत बिडी खोचायची आणि काडी धरून ओढायची. बोटाला वास लागत नाही!

एवढं डोकं टक्केवारीच्या गणितात चाललं असतं तर पेपरला बसताना घाम फुटला नसता.

उद्यापासून तोंडही हुंगणार.

९ नोव्हेंबर, रविवार

सुगतचंही तोंड हुंगतो. गरज नाही, तरी हुंगतो. भाचा आहे म्हणून सूट दिली असं कोणी म्हणायला नको. बबिता, माझी धाकटी बहीण, गंगाखेडला दिलेली. नवरा गेल्यावर कारखान्याच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. पोराला माझ्याकडे सोडताना म्हणाली होती, "दादा, ह्येला माणूस कर." माणूस तो होताच. सुपारीचं खांड तोंडात नाही. मला करायचाय जवान.

मैदानावर मामा म्हणायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम. म्हटलं की दहा चकरा. एकदाच चुकला, दहा मारल्या. तेव्हापासून मीही त्याच्यासाठी उस्तादच.

ही त्याची शेवटची भरती आहे. पुढच्या वेळी वयात बसणार नाही. दोघांना माहीत आहे.

१६ नोव्हेंबर

आठवडा झाला, एकही बिडी नाही! एक थोटूक नाही, एक काडी नाही. गेटवर पाटी रंगवून घेतली — धूरमुक्त अकादमी. किशनराव बघायला आले, पाटीशेजारी उभे राहून फोटो काढला, चहा पिऊन गेले. म्हणाले, "फौजी त्यो फौजीच."

तेरा दिवस लागले. सरकारला जे जमलं नाही ते मी बोटं हुंगून केलं. लिहायला लाज वाटत नाही, आज अंगावर मूठभर मांस चढलं.

२४ नोव्हेंबर

मूर्ख मी. पहिल्या नंबरचा मूर्ख!

कडुनिंबाच्या बुंध्याला लाल पिचकाऱ्या. गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर, अगदी पाण्याच्या टाकीखाली. पोरांना बुटांसकट उभं केलं आणि बूट काढायला लावले. तळव्याखालून पुड्या निघाल्या. गुटखा, तंबाखू, चुन्याच्या चिमुकल्या डब्या. ज्यांनी जन्मात बिडी ओढली नाही त्यांच्याही बुटात! विचारलं, तू केव्हापासून? एक म्हणतो, "सगळे खायलेत म्हणून." दुसरा म्हणतो, "उस्ताद, तुमी धुराला बंदी केली. ह्येला धूर कुठं हाय?"

हे ऐकून डोकं इतकं फिरलं की हात उगारला होता. खाली आणला. पुड्यांची होळी केली असती, पण धूर झाला असता.

मग रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेलो. टपरीवाला म्हणतो, "आमी धंदा करायलाव, तुमी पोरं सांभाळा." तेही बरोबरच. आज सगळ्यांचंच बरोबर आहे, फक्त माझं चुकतंय.

२७ नोव्हेंबर

आज बोटं नाही, दात तपासले. मेडिकलला तोंड बघतात. दातांचे गुण मोजतात, पैकीच्या पैकी पळून दातांपायी परत आलेली पोरं मी बघितली आहेत. एकेकाचं तोंड म्हणजे पानवाल्याची मोरी.

सगळ्यांना दम दिला. पुडी दिसली तर त्याच दिवशी घरी. आणि रोज दोन वेळा दात घासायचे. मी जातीनं बघणार.

सुगतचे दात पिवळे, हिरडीतून रक्त. ब्रश बघितला, निम्मे केस झडलेले. म्हटलं, फेक तो. आजीकडून मिश्री घे. माझ्या आईनं माझ्या ट्रंकेत मिश्रीची डबी घालून मला फौजेत पाठवलं होतं. तीस वर्षं झाली, रोज पहाटे तिनंच घासतो. एक दात हलला नाही.

म्हणाला, "उस्ताद, मला तिचा वास सहन व्हत न्हाई."

म्हटलं, मिश्रीचा वास सहन होत नाही, मग बारुदाचा कसा होणार? नीट बोट घाल, हिरडीला चोळ, थोडी दाबून ठेव. माझ्यासमोर घासायला लावली.

२८ नोव्हेंबर

सुगत तिसऱ्या चकरेला ओकला. घेरी आली म्हणे. रिकाम्या पोटी दूध ढोसतात. दूध बंद.

६ डिसेंबर

माय सकाळीच पांढरं लुगडं नेसून जिंतूरला गेली. बाबासाहेबांना वंदन करून दुपारी परतली. पोरांना मीही दोन मिनिटं उभं केलं. महारुद्रसुद्धा हलला नाही.

येताना तिनं बाजारातून काळ्या पानाची मोठी जुडी आणली. एवढी कशाला, विचारलं. म्हणाली, "तुझी पोरं मिसरी मागायलीत की. आजी हिरडी दुखायली, आजी दाढ ठणकायली. आता दातच घासायचे म्हणल्यावर मी न्हाई कशी म्हणू?"

चांगलं आहे. ऐंशीच्या घरातल्या बाईला एकेचाळीस नातू मिळाले.

१९ डिसेंबर

नवं वेळापत्रक लावलं. पाच ते पाच वीस दात. पाच वीसला फॉलिन. संध्याकाळी पळून आल्यावर पुन्हा दहा मिनिटं. नळावर रांगेनं उकिडवे बसतात, तोंडात बोट, चकार शब्द नाही. मला सेंटरची आठवण आली.

दोन आठवड्यांत एक पुडी सापडलेली नाही. टपरीवाला मला बघून तोंड फिरवतो. शिस्त वरून लादावी लागते, मग ती आत उतरते, हे मी उगाच म्हणत नाही.

रविवारी माय मागच्या चुलीवर तवा ठेवते. पानं करपून काळी होईपर्यंत भाजते, मग कुटते. ठसक्यानं अख्खं गोडाऊन खोकतं. पोरं डब्या घेऊन उभी. बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डब्या धुऊन आणतात.

११ जानेवारी २०२६

अंबिकाबाईवर डाफरलो. मेसचा स्वयंपाक तिच्याकडे. वरणात नुसतं तिखट. पहिल्या घासालाच तोंड पेटलं. म्हटलं, पोरांची पोटं जाळायचीत का?

ती पदर खोचून म्हणाली, "उस्ताद, पोरं तिखट न्हाई म्हणून चटणी मागायलीत. मागच्या महिन्यात तुमीच कमी करायला लावलं, आता त्याच्या निम्म्यानं घालायलेव. तुमालाच कामून झोंबतंय?"

उलट उत्तर! यंदाच्या मिरच्याच जहाल आहेत. दह्याबरोबर जेवलो.

२३ जानेवारी

महारुद्रनं सराव पेपर अर्ध्यात सोडला. कुठं निघालास? "उस्ताद, दात घासून येतो. डोकं उघडत न्हाई." दुपारी दोन वाजता! कामचुकारपणाला काय काय कारणं काढतात. बसवला परत. तासभर पाय हलवत होता.

१ फेब्रुवारी

सुगत सोळाशे मीटर पाच मिनिटं अकरा सेकंदात! मी घड्याळ दोनदा बघितलं.

बबिताचा फोन. "दादा, व्हईल ना?" म्हटलं, पळण्यात तर झालंच समज. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन तसाच धरून ठेवला. मीही ठेवला नाही.

१० फेब्रुवारी

आज सुगत पळाला; बाकीच्यांच्या तारखा पुढं आहेत. पहिल्या गटात, दुसरा. उंची, छाती, बीमवरचे पुलअप, सगळं पास. मी भरतीच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. रडलो नाही, पण चष्मा पुसावा लागला.

उद्या मेडिकल. तिथं काय निघणार आहे? पोरगं लोखंड आहे.

११ फेब्रुवारी

कुठून सुरू करू.

दुपारी तीनला गेटमधून बाहेर आला. हातात चिठ्ठी. तोंडाकडे बघूनच कळलं. टेम्पररी अनफिट. कारण — तोंडात पांढरा चट्टा, तंबाखूचं सेवन.

तंबाखू! माझा भाचा! मी रोज ज्याची बोटं हुंगली, ज्याचं तोंड हुंगलं, तो!

विचारलं, काय झालं आत. म्हणाला, डॉक्टरनं खालचा ओठ उलटा केला, बॅटरी मारली, बोटानं चाचपलं. विचारलं, तंबाखू खातोस? हा म्हणाला, "न्हाई साहेब, कधीच न्हाई." डॉक्टर हसला. म्हणाला, सगळे असंच म्हणतात. महिन्याभरात फौजी दवाखान्यात पुन्हा दाखव, त्याआधी जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासून घे. आजपासून बंद केलंस तर चट्टा जाईलही. नाही गेला तर घरी बस.

मी विचारलं, माझ्याशी खोटं बोलतोस? म्हणाला, "न्हाई उस्ताद, आईची शपथ."

आईची शपथ म्हटल्यावर माझा तोल गेला. कानाखाली दिली. गेटसमोर, शेदोनशे पोरांसमोर. ती आईसुद्धा खोटी पाडलीस म्हणालो.

तो गाल धरून उभा राहिला. चिठ्ठी खाली पडली ती उचलली, घडी घालून खिशात ठेवली. एसटीत चार तास शेजारी बसलो. त्यानं खिडकीकडं तोंड केलं ते जिंतूर येईपर्यंत.

१२ फेब्रुवारी

त्याची ट्रंक उपसली. त्याच्यासमोर. बूट फाडून बघितले, उशी उसवली, पुस्तकं झटकली. एक पुडी नाही, चुन्याची डबी नाही. आणखी चिडलो. म्हटलं, कुठं लपवतोस ते बऱ्या बोलानं सांग.

त्यानं ट्रंकेच्या कोपऱ्यातून पॉलिशची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. उघडली. काळी भुकटी.

मी म्हटलं, ही तर मिश्री आहे.

म्हणाला, "हां. डॉक्टरनं दात कशानं घासतोस इचारलं, मी मिसरी म्हणालो. त्यो म्हणाला, मग तंबाकू खात न्हाई म्हणतोस कसं? ही काय कोळशाची हाय? तवा कळलं मला." मग जरा थांबून म्हणाला, "आता राहवत न्हाई, उस्ताद. दिसातून सात-आठ डाव लागतीय. न्हाई लावली तर पोट साफ व्हत न्हाई, पळताना पाय उचलत न्हाईत. मी इचारणार व्हतो तुमाला, सगळ्यायलाच असं व्हतंय का."

काळी पानं बाजारातून येताना बघितली. तव्यावर भाजताना बघितली. ठसका लागला तेव्हा मीच खिडकी लावून घेतली. आणि तरी एकदाही डोक्यात आलं नाही की ही तंबाखू आहे! तंबाखू म्हणजे पुडी. तंबाखू म्हणजे पिचकारी. मिश्री म्हणजे दात. आमच्या घरात असंच आहे, जन्मापासून.

त्याला नको होती. वास सहन होत नाही म्हणाला होता. ओकलासुद्धा. आणि मी दूध बंद केलं!

१३ फेब्रुवारी

आज रागाला वाट हवी होती, ती मायकडे गेली. तिचा डबा चुलीत रिकामा केला. तवा परसात फेकला. म्हटलं, पोराचं वाटोळं केलंस तू.

मायनं तवा उचलून आणला, पदरानं पुसला.

"म्या केलं? तूच म्हणलास ना, आजीकडून मिसरी घे म्हणून? मला काय ठावं तुमचं मेडिकल. माझ्या आईनं लावली, म्या लावली, बबितीनं लावली. तुला फौजेत धाडताना बी ट्रंकेत डबी म्याच घातली. तुझ्या त्या सेंटरात बिडीवाल्या पोरायची बोटं हुंगायचे म्हणून तू पत्रात लिवलंस, आणि खाली लिवलंस, माय, मिसरी संपत आली, धाड. तवा न्हाई म्हणलास वाटोळं केलं."

मला ते पत्र आठवत नव्हतं. आता आठवलं.

म्हणजे मी कधी सापडलो नाही, त्याचं कारण हे.

बाहेर आलो तर महारुद्र आणि दोघंचौघं नळावर बोट घालून बसलेले. हाकलले. सगळ्यांच्या डब्या गोळा केल्या, पोतडीत घातल्या.

१५ फेब्रुवारी

फॉलिनला सुगत सोडून बाकीच्यांना विचारलं. पुडी नाही, बिडी नाही, फक्त मिश्री. दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा कोणाला लागते? शिक्षा नाही. खरं सांगा.

आधी एकही हात नाही. मग महारुद्रचा. मग हळूहळू चौतीस.

नोव्हेंबरात बोटं हुंगली तेव्हा आठ होते. आठ! त्या आठांची बिडी सोडवली आणि सुगत धरून पस्तीस जणांच्या तोंडात तंबाखू घातली, रांगेत उकिडवं बसवून, घड्याळ लावून. वेळापत्रकात. माझ्या हस्ताक्षरात. किशनरावांचा कापूस मात्र सुखरूप आहे.

गेटवरची पाटी काढली. खिळा निघेना, दगडानं ठोकून काढली. वेळापत्रक फाडलं. पोरं बघत होती. महारुद्र म्हणाला, "उस्ताद, आता काय लावायचं मग?" चिडून म्हणाला असता तर मीही चिडलो असतो. त्याला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

बबिताला फोन केला. सगळं सांगितलं, थप्पडसुद्धा. मग म्हणाली, "दादा, त्यानं माझी शपथ घेतली व्हती ना. मग तुमी इश्वास कामून न्हाई ठेवला?"

तिनं स्वतःची डबीही टाकली म्हणाली. लगेच, फोनवर बोलता बोलता.

शुक्रवारी सुगतला परभणीला न्यायचंय, सरकारी दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरकडे. पाच दिवस झाले त्याला मिश्री बंद करून. तोंड सुकलेलं, चिडचिड करतो, पण हात लावत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतो. जी उस्ताद. नाही उस्ताद. थपडेबद्दल बोलायला दोनदा त्याच्या खाटेपर्यंत गेलो. बुटांचं पॉलिश बघून परत आलो.

१७ फेब्रुवारी

अंबिकाबाईनं आज वरणात तिखट घातलंच नव्हतं. मला न सांगता वेगळं काढलं होतं. तरी झोंबलं.

पोरांच्या डब्या पोतडीत आहेत. मायचा डबा चुलीत गेला. माझी डबी उशाशी आहे. तिचा विषय निघालाच नव्हता. माझी गोष्ट वेगळी, मी दात घासतो — असं आत्ता लिहिलं, आणि लिहिलेलं वाचलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे डबी उघडली, सवयीनं. बोट काळं झालं. धुतलं नाही, तसाच मैदानावर गेलो.

फॉलिन सुगतला घ्यायला लावलं आणि मी रांगेत शेवटी उभा राहिलो, महारुद्रशेजारी. सुगत तपासत माझ्यापर्यंत आला तसा हात पुढे केला. म्हटलं, हुंग. सगळ्यांसमोर. त्या दिवशी तुला मारलं तेही सगळ्यांसमोरच होतं, ते माझं चुकलं.

त्यानं बोट हुंगलं. मग मला तोंड उघडायला लावलं, खालचा ओठ उलटा केला, तिकडं डॉक्टरनं केला होता तसाच. फोनची बॅटरी मारली. बोटानं चाचपलं. दुखलं नाही. त्यानं त्याच जागी पुन्हा दोनदा चाचपलं.

बॅटरी बंद केली, आणि हलकेच ओठ सोडला.

म्हणाला, "मामा, शुक्रवारी तुमी बी तपासून घ्या. माझ्या आधी तुमचं दाखवू."

मैदानावर मामा म्हणाला. मी चकरा सांगितल्या नाहीत.